परदेशातील रिंगण आणि घराकडची वाट : दोन आयरिश मुष्टियोद्ध्यांच्या व्यावसायिक आरंभाचा अभ्यास

ज्या शाळेचा दिवस पंचशीलाच्या उच्चाराने सुरू होतो, तिच्या स्मरणिकेत मुष्टियुद्धावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. ठोसे देणे आणि ठोसे झेलणे हा या खेळाचा आशय आहे. डोक्यावर होणाऱ्या आघातांचे दुष्परिणाम पुढे आयुष्यभर भोगावे लागल्याची उदाहरणे या खेळात पुष्कळ आहेत. तेव्हा या खेळाचे गुणगान करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या देशात आपल्याला रिंगणात उतरण्याची मुभाच नाही, तेथून बाहेर पडून परक्या भूमीवर आपला आरंभ करणाऱ्या दोन आयरिश स्त्रियांची ही कथा आहे. त्या कशा गेल्या, गेल्यावर पहिल्या काही वर्षांत त्यांनी काय केले, आणि त्यांच्या जाण्याने मागे राहिलेल्यांना काय मिळाले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आपल्या शाळेतील मूल आठव्या-दहाव्या वर्षी गावातून निघते आणि वसतिगृहात येते. पुढे ते पुण्या-मुंबईस जाते. काही जण समुद्रापलीकडेही जातात. जाणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच या दोघींची कथा आपल्याला परकी वाटणार नाही.

पहिली : डिअर्ड्रा गोगार्टी

डिअर्ड्रा गोगार्टी हिचा जन्म १९६९ साली आयर्लंडमधील ड्रॉहेडा या गावी झाला. आयर्लंड हा मुष्टियुद्धाचे विलक्षण वेड असलेला देश. डब्लिन शहरात १९३९ पासून खास मुष्टियुद्धासाठी बांधलेले राष्ट्रीय स्टेडियम उभे आहे. ऑलिम्पिकमध्ये त्या देशाला अन्य कोणत्याही खेळापेक्षा या खेळाने अधिक पदके मिळवून दिली आहेत. परंतु हे सारे वैभव पुरुषांचे होते. गोगार्टीच्या तरुणपणी मुलीने तालीमखान्यात येऊन सराव करणे हेच नवलाचे होते. हौशी स्पर्धांत स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि व्यावसायिक सामन्यासाठी स्त्रीला परवाना मिळण्याची सोय नव्हती. कला अंगी होती, कष्टांची तयारी होती. पण ती सिद्ध करण्यासाठी रिंगणच नव्हते.

१९९० च्या दशकाच्या आरंभी ती अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या लाफायेट या शहरी गेली. तेथे बो विलिफर्ड हा प्रशिक्षक तिला शिकवू लागला. आयर्लंडच्या थंड, पावसाळी हवेतून आलेली ही मुलगी अमेरिकेच्या दक्षिणेतील दमट उष्म्यात सराव करू लागली. त्या काळी अमेरिकेतही स्त्रियांचे मुष्टियुद्ध ही गंभीर गोष्ट मानली जात नव्हती. प्रतिस्पर्धी मिळणे कठीण, सामने तुरळक आणि मानधन नाममात्र. आपल्या वजनगटातील प्रतिस्पर्धी मिळाली नाही तर अधिक वजनाच्या स्त्रीशी लढावे लागे.

१६ मार्च १९९६ रोजी लास व्हेगास येथे तिला मोठी संधी मिळाली. त्या रात्रीचा मुख्य सामना माइक टायसन आणि फ्रँक ब्रूनो यांच्यात होता. त्याआधीच्या दुय्यम सामन्यांत अमेरिकेची क्रिस्टी मार्टिन विरुद्ध गोगार्टी अशी सहा फेऱ्यांची लढत ठरली होती. मार्टिन वजनाने तिच्याहून भारी होती. दुसऱ्या फेरीत गोगार्टी खाली पडली. पण उठली आणि पुढच्या फेऱ्यांत इतक्या निकराने लढली की मार्टिनच्या नाकातून रक्त वाहू लागले. शेवटी गुणांवर मार्टिन विजयी झाली. परंतु टायसनला पाहण्यासाठी जमलेले प्रेक्षक या दोन स्त्रियांसाठी उभे राहून ओरडत होते.

या सामन्याचे फळ दोघींच्या वाट्याला सारखे आले नाही. पुढच्याच महिन्यात मार्टिनचे छायाचित्र अमेरिकेतील एका अग्रगण्य क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार मार्टिनला त्या रात्रीचे १५ हजार डॉलर मिळाले, तर गोगार्टीला ३ हजार. टायसनची रक्कम कोट्यवधी डॉलरमध्ये होती. पराभूत झालेली, परक्या देशातली, अल्प मानधनाची ही मुलगी त्या रात्रीनंतर परतली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. ती परतली नाही. १९९७ साली न्यू ऑर्लिन्स येथे तिने बॉनी कॅनिनो हिचा गुणांवर पराभव करून फेदरवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. आयर्लंडची एक स्त्री जगज्जेती झाली होती. आणि त्या वेळी तिच्या स्वतःच्या देशात मुलींच्या मुष्टियुद्धाचा एकही अधिकृत सामना झालेला नव्हता.

एक पत्र

त्याच सुमारास आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्रे या गावात केटी टेलर नावाची एक शाळकरी मुलगी आपल्या वडिलांच्या हाताखाली मुष्टियुद्ध शिकत होती. तिचा जन्म २ जुलै १९८६ चा. मुलींचे सामने नसल्यामुळे ती शिरस्त्राणाखाली केस लपवून, कागदावर केवळ ‘के. टेलर’ असे नाव लावून मुलांशी लढत असे. सामना संपल्यावर शिरस्त्राण निघे आणि समोर मुलगी होती हे लोकांना कळे.

या मुलीने लाफायेटला गोगार्टीच्या नावे एक पत्र पाठविले. आपल्याला मुष्टियोद्धा व्हायचे आहे, पण येथे मुलींना लढू देत नाहीत, तेव्हा काय करावे, अशा आशयाचे ते पत्र होते. गोगार्टीने ही आठवण पुढे जाहीरपणे सांगितली आहे. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने हे पत्र फार महत्त्वाचे आहे. दूर देशी कोणी आपल्यासारखी आहे, तिने हे करून दाखविले आहे, एवढे कळल्यामुळेच ते लिहिले गेले. लास व्हेगासच्या त्या रात्रीची कमाई ३ हजार डॉलर एवढीच नव्हती, हे या पत्राने दाखवून दिले.

३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये आयर्लंडमधील मुलींचा पहिला अधिकृत मुष्टियुद्ध सामना झाला. त्यात पंधरा वर्षांची केटी टेलर विजयी झाली.

दुसरी : केटी टेलर

यानंतरची टेलरची हौशी कारकीर्द जगाला ठाऊक आहे. तिचे पहिले जागतिक सुवर्णपदक आपल्या देशात, नवी दिल्ली येथे २००६ साली आले. त्याच स्पर्धेत मेरी कोमसह भारताच्या मुलींनी चार सुवर्णपदके पटकाविली होती. त्यानंतर २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ अशा सलग पाच जागतिक स्पर्धा टेलरने जिंकल्या. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला प्रथमच स्थान मिळाले. तेथे ६० किलो गटात तिने सुवर्ण जिंकले, आणि ५१ किलो गटात मेरी कोमने कांस्य मिळविले.

मात्र यशाचा हा आलेख २०१६ साली अकस्मात खाली आला. लहानपणापासून प्रशिक्षक असलेले वडील त्याआधीच तिच्या कोपऱ्यातून दूर झाले होते. मे महिन्यात अस्ताना येथील जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत फ्रान्सच्या एस्टेल मोसेलीने तिला हरविले. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडच्या मीरा पोटकोनेनकडून ती पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने पराभूत झाली आणि पदकाविना परतली. वय तीस वर्षांचे. घरी मानसन्मान होता, सारे गाव ओळखत होते. येथे थांबणे सन्मानाचे ठरले असते.

तिने व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहणे होते. हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध हे बाहेरून सारखे दिसले तरी त्यांत मोठा भेद आहे. त्या काळी हौशी स्पर्धेत स्त्रियांच्या दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असत; म्हणजे एकूण आठ मिनिटे. व्यावसायिक जागतिक विजेतेपदाचा स्त्रियांचा सामना दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांचा. म्हणजे वीस मिनिटे. हौशी सामन्यात डोक्यावर शिरस्त्राण होते, अंगात बनियन होते आणि हातमोजे अधिक जाड होते. व्यावसायिक रिंगणात शिरस्त्राण नाही, आणि हलक्या गटांत हातमोजे आठ औंसांचे. त्यामुळे प्रत्येक ठोसा अधिक लागतो. हौशी खेळाडू वेगाने गुण वेचतो. व्यावसायिकाला वीस मिनिटे पुरेल असा श्वास राखावा लागतो आणि कमी पण परिणामकारक ठोसे मारावे लागतात. पाच वेळच्या जगज्जेतीला आपल्या अनेक सवयी मोडून नव्याने शिकणे भाग होते.

त्यासाठी ती अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात गेली. तेथे रॉस एनामेट हा प्रशिक्षक तिला मिळाला. झगमगाटापासून दूर, व्हर्नन नावाच्या लहानशा गावात तिने मुक्काम केला. तालीम, विश्रांती, प्रार्थना आणि पुन्हा तालीम, असा तिचा दिनक्रम होता. ती श्रद्धाळू ख्रिस्ती आहे आणि आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलते. आपला मार्ग निराळा असला तरी नियमाने बांधलेल्या एकान्ताचे मोल आपल्याला समजू शकते.

आता सामन्यांचे रिंगणही घरी का नव्हते, हे पाहिले पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये डब्लिनमधील एका हॉटेलात व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या कार्यक्रमापूर्वी खेळाडूंची वजने घेतली जात असताना गुन्हेगारी टोळ्यांच्या वैरातून गोळीबार झाला आणि एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर डब्लिनमध्ये मोठे व्यावसायिक सामने भरविणे जवळजवळ अशक्य झाले. म्हणजे गोगार्टीला नियमांनी घराबाहेर ठेवले होते, तर टेलरला परिस्थितीने. आयर्लंडची सर्वांत लाडकी खेळाडू आपले व्यावसायिक जीवन आयर्लंडमध्ये सुरू करू शकत नव्हती.

पहिले चौदा सामने

२६ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली अरेनामध्ये टेलरने पोलंडच्या करीना कोपिन्स्कावर तिसऱ्या फेरीत विजय मिळवून पदार्पण केले. अवघ्या दोन आठवड्यांत, १० डिसेंबरला, मँचेस्टर येथे तिने दुसरा सामना सहाही फेऱ्या लढून गुणांवर जिंकला. मार्च २०१७ मध्ये लंडन व मँचेस्टर येथे आणखी दोन सामने झाले. यांतील काही प्रतिस्पर्धी तिच्या तोडीच्या नव्हत्या, हे मान्य केले पाहिजे. व्यावसायिक मुष्टियुद्धात नवोदिताला पायरीपायरीने वर नेण्याची पद्धतच आहे: आधी सहा फेऱ्या, मग आठ, मग दहा. विशेष हे की जगातील सर्वांत यशस्वी हौशी खेळाडूने ही पायरी कमीपणाची मानली नाही. मोठ्या पुरुष खेळाडूंच्या सामन्याआधी, प्रेक्षक अजून आसने शोधत असताना, ती मुकाट्याने आपले काम करून जात असे.

२९ एप्रिल २०१७ रोजी वेम्ब्ली स्टेडियममध्ये अँथनी जोशुआ आणि व्लादिमिर क्लिच्को यांच्या सामन्यासाठी सुमारे ९० हजार लोक जमले होते. त्या कार्यक्रमात टेलरने जर्मनीच्या नीना माइन्केला सातव्या फेरीत रोखले. जुलैमध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे ती अमेरिकेत प्रथमच व्यावसायिक सामना लढली. आणि २८ ऑक्टोबर २०१७ रोजी वेल्समधील कार्डिफ येथे, आपल्या सातव्याच सामन्यात, तिच्यापुढे जागतिक विजेतेपद आले. अर्जेंटिनाची अनाही सांचेस वजनाची मर्यादा पाळू न शकल्यामुळे तराजूवरच आपले पद गमावून बसली. आता ते पद फक्त टेलरच जिंकू शकत होती. दुसऱ्या फेरीत शरीरावरच्या ठोशाने तिने सांचेसला खाली पाडले आणि पुढे दहाही फेऱ्या लढून तिन्ही पंचांच्या मते विजय मिळविला. पदार्पणानंतर अकरा महिन्यांत ती जगज्जेती झाली होती.

व्यावसायिक मुष्टियुद्धात एकाच वजनगटात चार प्रमुख संघटनांची चार पदे असतात. ती चारही एका हाती आणणे हा सर्वोच्च मान. एप्रिल २०१८ मध्ये ब्रुकलिन येथे व्हिक्टोरिया बुस्तोसला आणि मार्च २०१९ मध्ये फिलाडेल्फिया येथे रोझ व्होलांतेला हरवून टेलरने तीन पदे एकत्र केली. चौथे पद बेल्जियमच्या डेल्फिन पर्सूनकडे होते. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघी समोरासमोर आल्या. शेवटच्या फेऱ्यांत पर्सूनने टेलरला अक्षरशः घेरले होते. एका पंचाने बरोबरी दिली, दोघांनी ९६-९४ असा टेलरचा विजय दिला. पर्सूनच जिंकली असे मानणारे जाणकार तेव्हाही होते आणि आजही आहेत. टेलरने त्या शंकेला उत्तर रिंगणातच दिले: ऑगस्ट २०२० मध्ये तिने पर्सूनला पुन्हा संधी दिली आणि या वेळी तिन्ही पंचांनी तिच्या बाजूने कौल दिला.

पदार्पणापासून चौथ्या पदापर्यंत चौदा सामने. अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ. लंडन, मँचेस्टर, कार्डिफ, न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया. या यादीत डब्लिन एकदाही नाही.

कमाई कोणाची?

३० एप्रिल २०२२ रोजी त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टेलर आणि पोर्तो रिकोची अमांडा सेरानो यांचा सामना झाला. त्या वास्तूच्या इतिहासात स्त्रियांचा सामना मुष्टियुद्धाच्या कार्यक्रमाचा मुख्य सामना असण्याची ही पहिलीच वेळ होती. प्रेक्षागृह पूर्ण भरले होते. दोघींनाही किमान दहा लाख डॉलर मिळतील असे त्या वेळी जाहीर झाले होते. टायसनच्या सामन्याआधी ३ हजार डॉलरसाठी लढणाऱ्या गोगार्टीपासून येथवर २६ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर कोणा एकीने कापलेले नाही.

टेलरचा आयर्लंडमधील पहिला व्यावसायिक सामना व्हायला २० मे २०२३ उजाडावे लागले. सारे डब्लिन तिच्या पाठीशी असताना इंग्लंडच्या शँटेल कॅमेरॉनने तिला अल्प गुणांनी हरविले. व्यावसायिक कारकिर्दीतला तिचा पहिला पराभव घरीच झाला. पुन्हा सहा महिन्यांनी, त्याच शहरात, त्याच प्रतिस्पर्धीविरुद्ध ती उभी राहिली आणि जिंकली.

आणि आता तिसरे नाव. डब्लिनची केली हॅरिंग्टन ही हौशी मुष्टियोद्धा शहरातील एका मनोरुग्णालयात साफसफाईचे काम करीत होती. टोकियो येथील ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली आणि पॅरिस येथे २०२४ साली, सलग दोन वेळा, तिने ६० किलो गटात सुवर्ण जिंकले. हा तोच गट, ज्यात टेलरने लंडनला सुवर्ण मिळविले होते. हॅरिंग्टनला त्यासाठी देश सोडावा लागला नाही, केस लपवावे लागले नाहीत, समुद्रापलीकडे पत्र लिहावे लागले नाही. आपल्या वस्तीत राहून, आपले काम सांभाळून तिने हे साधले.

आपल्यासाठी बोध

आर्य अष्टांगिक मार्गातील ‘सम्यक् व्यायाम’ या अंगाचा अर्थ शरीराची कसरत असा नाही, हे आपले विद्यार्थी जाणतात. तो योग्य प्रयत्न आहे आणि त्याचे चार प्रकार सांगितले जातात: न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेल्याचा त्याग करणे, न उपजलेले कुशल उपजविणे, आणि उपजलेले कुशल टिकवून वाढविणे. हा उपदेश चित्ताच्या साधनेचा आहे, रिंगणाचा नव्हे, हे भान ठेवूनही त्यातील शेवटच्या दोन प्रयत्नांचा भेद या कथेतून समजून घेता येतो. गोगार्टीने जे नव्हते ते निर्माण केले. टेलरने जे मिळाले होते त्यावर संतुष्ट न होता, तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होऊन, ते वाढविले. पहिल्या प्रयत्नाला धैर्य लागते. दुसऱ्याला नम्रता लागते, आणि ती यशस्वी माणसाला अधिक अवघड जाते.

पालकांनी यातून एवढे घ्यावे की मुलीचे दूर जाणे म्हणजे तिचे हातून जाणे नव्हे. आणि विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की नव्या ठिकाणी पहिली काही वर्षे रिकाम्या आसनांपुढेच लढावी लागते. मागची पदके तेथे कामी येत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांसाठी मात्र प्रश्न थोडा कठीण आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्रा येथील भाषणात शिकून पुढे गेलेल्या माणसांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपण दरवर्षी आठवतो. बाहेर गेलेला प्रत्येक जण आपल्या कष्टांवर गेला आहे, यात शंका नाही. पण त्याच्या जाण्याने कोणासाठी तरी वाट मोकळी झाली का, हे त्याने स्वतःला विचारावे. आज या शाळेतील एखादी मुलगी पुण्यातल्या, बंगळुरूतल्या किंवा लंडनमधल्या तुमच्यापैकी कोणाला तरी पत्र लिहीत असेल: मला असे व्हायचे आहे, येथे सोय नाही, काय करू? त्या पत्राला उत्तर गेले पाहिजे. आणि तिच्या मागून येणाऱ्या मुलीला ते पत्र लिहिण्याची गरजच पडू नये, एवढी सोय येथे, याच आवारात, उभी राहिली पाहिजे.